सुगीपर्यंतचा एसी

आमच्या आईला गाडी लागते. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. तिला एसटी लागते, वडाप लागतं, रिक्षा लागते. शेजारच्या अमृतकाकांच्या जावयानं नवी कोरी गाडी आणली तेव्हा आई पेढा खायला म्हणून मागच्या सीटवर नुसती टेकली, तर पेढ्यासकट बाहेर आली. साऱ्या जगात एकच गाडी तिला लागत नाही आणि ती आमच्या दारात उभी असते. ताकाच्या रंगाची, लांब नाकाची, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. वडील ज्या साहेबांकडे ड्रायव्हर होते त्यांनी ती जाताना वडिलांना देऊन टाकली आणि वडिलांनी जाताना मला. दोघांच्या जाण्यात फरक आहे, साहेब मुंबईला गेले होते. गाडीची मागची सीट पलंगाएवढी आहे. तिच्यावर आई मांडी घालून बसते आणि भोर ते पुणे छान डुलक्या घेते.

दुसरी गोष्ट, आईला धूळ चालत नाही. दमा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलंय की धुळीत नेलंत तर परत माझ्याकडेच आणाल.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे धोंडाबाईमावशी. ही आईची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. माहेरच्याच गावात दिलेली, त्यामुळं आईचं माहेर आणि बहीण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, वेल्ह्याच्या पुढं बारा किलोमीटरवर. मावशीचे गुडघे गेले, ती येऊ शकत नाही. रस्ता रुंद करायचं काम निघालंय, तिथं गुडघाभर लाल माती, त्यामुळं आई जाऊ शकत नाही. दोघींची भेट होऊन सहा वर्षं झाली.

फोन आहे, नाही कसा? रोज सकाळी नऊला होतो. पण दोघींनाही ऐकू कमी येतं, म्हणून दोन्हीकडं स्पीकर लावावा लागतो. इकडं आमची आळी ऐकते, तिकडं मावशीच्या सुना, नातवंडं आणि दारातून जाणारं-येणारं ऐकतं. मग दोघी काय बोलणार? "जेवलीस का?" "व्हय. तू?" "म्या बी." एवढं बोलून दोघी गप्प बसतात, पण फोन बंद करत नाहीत. मग आपण होऊन तो बंद करायचा. ते काम माझ्याकडं आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मावशी फोनवर म्हणाली, "गीते, तुला एक सांगायचं हाय."

"मंग सांग की."

"हितं न्हाई. समदी बसल्यात."

तिकडून कुणीतरी हसलं. इकडं अमृतकाका आमच्या ओट्यावर बसून करंजी खात होते, ते खाता खाता थांबले. आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग म्याच येते."

मी विचारलं, "काय सांगायचं असेल गं मावशीला?"

"तिलाच ठावं," आई म्हणाली आणि वेल्ह्याच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली. त्या खिडकीतून वेल्हं दिसत नाही. समोरच्या दुमजली घराची पाण्याची टाकी दिसते. आई त्या टाकीकडं संध्याकाळपर्यंत बघत राहिली. त्या दिवसापासून तिचं तेच चाललं, जेवण झालं की खिडकी. घरात तिला मी आई म्हणतो, माझी बायको वनिता आई म्हणते, आळी गीताबाई म्हणते. "गीते" म्हणून हाक मारणारं या पृथ्वीवर आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं.

तेव्हा आमच्या घरचं गणित असं झालं. न्यायचं तर याच गाडीनं न्यायचं. धूळ नको, म्हणजे काचा वर. काचा वर, म्हणजे एसी. आणि गाडीचा एसी अकरा वर्षांपूर्वी बंद पडला होता.

मी भोरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं झाली. गावात मला सर म्हणतात, कॉलेजात म्हणत नाहीत. पण वायू, दाब आणि तापमान यांच्याशी माझी रोजची ऊठबस असल्यामुळं एसी ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं मी घरात जाहीर केलं. वनिता अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे, जाहीर केलेल्या गोष्टींचं पुढं काय होतं हे तिला चांगलं माहीत आहे. ती म्हणाली, "अहो, त्यापेक्षा हेलिकॉप्टर बघा. लवकर मिळेल."

अमृतकाका एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी वाहतुकीचं नियंत्रण त्यांनी सोडलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "वेल्ह्याला जायला एसी? अरे, तिकडची हवा खायला पुण्याची लोकं येतात, आणि तू ती बाहेर ठेवून आत मशीनची हवा करणार?" मी धूळ म्हणालो. ते म्हणाले, ओल्या चादरी खिडक्यांना बांध. मी म्हणालो, मग मला रस्ता कसा दिसणार? ते म्हणाले, "तुला काय करायचाय रस्ता, समोरची काच आहे की!" आळीतल्या आणखी एकानं आईला हेल्मेट घालायला सांगितलं. दुसऱ्यानं पावसाळ्यात न्या म्हणून सुचवलं, तेव्हा धूळ नसते. पावसाळ्यात तिथं रस्ताही नसतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आणि पावसाळ्याला अजून सात महिने होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला सात महिने थांब म्हणून कुणी सांगायचं? मी तरी सांगणार नव्हतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदारानं माझ्या हातातला फोटो बराच वेळ पाहिला, बापाला बोलावलं, बापानं पाहिला. मग बाप म्हणाला, "हा पार्ट कुठं मिळाला तर आम्हाला पण एक फोटो पाठवा. बघून लई वर्षं झाली." जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. तिथं एकानं गाडीच्या बोनेटला नमस्कार पाठवला, एकानं गाडीला अजिबात हात लावू नका, आहे तशी जपा म्हणून कळवलं, आणि नाशिकच्या एका गृहस्थांनी तुमच्या गाडीतला ॲशट्रे देता का म्हणून आठ दिवस पिच्छा पुरवला. एसीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी मानसिंग भेटला. नसरापूरला त्याचं एवढंसं दुकान आहे. भोर-वेल्ह्यातल्या दूध डेअऱ्यांचे शीतकरणाचे हौद तो दुरुस्त करतो. म्हणजे या दोन तालुक्यांत गारव्यातलं जे काही कळतं ते मानसिंगला. त्यानं गाडीचं बोनेट उघडलं, डॅशबोर्डच्या खाली आडवा झाला, आणि आतून बोलला, "सर, गॅस हुता त्यो आता बंद झाला. नवा भरायचा तर रबरी वायसर समदे बदलायचे. कॉम्प्रेसर गेलाय, त्यो दुधाच्या गार टेम्पोचा बसवू. म्होरली जाळी बी बसवू. पर ह्यो पंखा..."

त्यानं आतून ओंजळभर चिंध्या, कापूस आणि वडिलांच्या काळातली एक चिठ्ठी बाहेर काढली. उंदरांनी पंख्याच्या पेटीत संसार थाटला होता आणि जाताना पंख्याची प्लास्टिकची पाती खाऊन गेले होते.

"ही पेटी दुसरी कुठली बसायची न्हाई. कंपनीचीच पायजे," मानसिंग म्हणाला. कंपनी केव्हाच बंद पडली होती.

आधी कॉम्प्रेसर मागवला. दक्षिणेतल्या एका शहरातून तो एका खासगी पार्सलवाल्याकडं येऊन पडला, आणि तिथल्या कारकुनानं तो द्यायला नकार दिला. कागदावर लिहिलं होतं "गॅस कॉम्प्रेसर". गॅस म्हटल्यावर ज्वालाग्राही, ज्वालाग्राही म्हटल्यावर दाखला. मी सांगितलं, आत गॅस नाही, मोकळा आहे. ते म्हणाले, मोकळा आहे असं लेखी द्या. मी लिहून देतो म्हणालो, तर तुम्ही कोण? मी प्रयोगशाळा सहायक म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती सत्तावीस वर्षांत मला नवीन नाही. "सहायक चालणार नाही. सही करणारे पाहिजेत."

आमच्या विभागप्रमुख मॅडम सही करायला तयार झाल्या, पण वस्तू पाहिल्याशिवाय नाही. वस्तू दाखल्याशिवाय सुटत नव्हती. मग मी वस्तूचा फोटो काढून नेला. मॅडमनी तो भिंगाखाली पाहिला आणि लेटरहेडवर लिहिलं, "सदर छायाचित्रातील वस्तूत वायू दिसत नाही." वायू तसाही दिसत नाही, पण मी कागद घेऊन निघालो. कारकुनानं तीन ठिकाणी शिक्का मारून कॉम्प्रेसर माझ्या हवाली केला, आणि तो स्कूटरवर घेऊन येताना माझी कंबर धरली.

पंखा मात्र मिळेना. कार्तिक सरत आला. मावशीचा फोन यायचा, "जेवलीस का?" आई म्हणायची, "येते गं. गाडीचं काम चाललंय." मावशी म्हणायची, "ये. घाई न्हाई." पण घाई न्हाई हे ती रोज म्हणायला लागली होती, आणि तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. स्पीकर तेवढाच मोठा, आवाज लहान. आईच्या ते लक्षात आलंच असणार, पण ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

एक दिवस मानसिंगचाच फोन आला. "सर, तुमच्या गाडीचा पंखा मला घावला. चालू हाय."

"कुठं?"

"वेल्ह्याच्या अलीकडं, खळ्यावर. भात उफणतुया."

मी दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून गेलो. खरोखर, कोंडिबा नावाच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर, लाकडी चौकटीत ठोकलेली, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारी, माझ्याच गाडीच्या जातीची पंख्याची पेटी घुंई आवाज करत वारा फेकत होती. समोर वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीवर, कोंडिबा उभा राहून पाटीतून भात सोडत होता. दाणा खाली पडत होता, फोलपटं पलीकडं उडत होती. दहा वर्षांपूर्वी घाटात निकामी झालेली तसलीच एक गाडी भंगारात आली तेव्हा त्यानं ही पेटी उचलली होती. इतकं सुंदर चालणारं यंत्र मी आमच्या प्रयोगशाळेत कधी पाहिलं नाही.

मी विकत मागितलं. कोंडिबानं मानच हलवली. "पैसं घिऊन काय करू, सर? वारा पायजे." मी नवा मोठा पंखा आणून देतो म्हणालो. तो म्हणाला, "त्यो लई जोरात मारतो, दाणं बी घिऊन जातो. ह्याचं माप बराबर हाय. फोल जातं, पोचट जरा म्होरं पडतं, चांगलं हितंच ऱ्हातं. समदी वाडी ह्याच्यावरच उफणती. अजून नऊ घरांचं नंबर हायती."

तेवढ्यात त्याची बायको ठकुबाई पाणी घेऊन आली. तिनं कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी सांगितलं. आई, मावशी, दमा, धूळ, स्पीकरचा फोन, सगळं. ठकुबाई तांब्या हातात धरून ऐकत होती.

"भैनीला भेटायला?" ती म्हणाली. "बरं हाय बाबा. माजं म्हायेर धरणात गेलं. मला जायाचं तर गाडी न्हाई, होडी लागंल, आन् होडीनं जाऊन बी खाली बघत बसायचं." ती हसली आणि मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "द्या की वो त्यास्नी."

कोंडिबा विचारात पडला. "देतो. पर रास मोजून झाल्याबगार खळ्यावरची वस्तू भायेर जात न्हाई, ही आमची रीत हाय. नऊ घरं होऊ द्या. आन् कायमचा न्हाई, सर. म्होरल्या सुगीला परत आणायचा."

म्हणजे आमच्या गाडीला अकरा महिने एसी आणि एक महिना भाताचा हंगाम. मी लगेच कबूल झालो. जगात इतक्या सरळ अटीवर आजवर कुणी मला काही दिलेलं नाही.

पण नऊ घरं म्हणजे पंधरा दिवस. मला ते फार वाटले. आणि इथं माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. काम बॅटरीमुळं अडत होतं, दर दोन तासांनी ती उतरायची आणि मग चार्ज होईपर्यंत सगळे विड्या ओढत बसायचे. मी म्हटलं, दोन बॅटऱ्या जोडू, दुप्पट वेळ चालेल. पुढच्या रविवारी मी स्वतः एक बॅटरी घेऊन गेलो आणि सगळ्या वाडीसमोर ती जोडली. आता, दुप्पट वेळ चालायला समांतर जोडणी करतात आणि एकसर जोडणी केली की दाब दुप्पट होतो, हे बारावीच्या वर्गात मी सत्तावीस वर्षं फळ्यावर पाहत आलोय. पण प्रयोगाचं सामान मांडणं माझं काम आहे, तारा मुलं जोडतात. मी ती एकसर जोडली.

पंखा घुंई करायचा तो किंचाळला. वावडीवर त्या वेळी ठकुबाई होती, पाटीत त्यांचा आंबेमोहोर. तो आंबेमोहोर खाली आलाच नाही. तो थेट कुडावरून पलीकडच्या खळ्यात गेला आणि भिमा नावाच्या शेजाऱ्याच्या इंद्रायणीच्या राशीवर जाऊन बसला. ठकुबाईनं दुसरी पाटी सोडायच्या आत कोंडिबानं तार उपटली, पण एक अख्खी पाटी गेली होती. बॅटरीजवळ मी एकटाच उभा होतो, त्यामुळं हे कुणी केलं असा प्रश्न निघाला नाही.

मग वाडी जमली. मिसळलेलं भात ही तिथं चेष्टेची गोष्ट नाही. एकाचा शिजायला वेळ वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, विकायला नेलं तर व्यापारी दारात उभं करत नाही. भिमा डोक्याला हात लावून बसला. एक म्हातारी म्हणाली, दाणा दाणा येगळा करा. दुसरा म्हणाला, सरांनीच करावा. पदार्थविज्ञानात याला काही पद्धत असंल की, असंही एकानं विचारलं, आणि तो मनापासून विचारत होता, हे जास्त लागलं. शेवटी ठरलं ते असं: राशीचा वरचा मिसळलेला थर सरांनी घरी न्यायचा, भिमाला तेवढं भात कोंडिबानं द्यायचं, आणि कोंडिबाचं नुकसान म्हणून सरांनी उरलेली घरं उफणून द्यायची.

पाच दिवस मी वावडीवर उभा होतो. मानेत, कानात, बनियनच्या आत फोलपटं. अंग असं खाजायचं की मी कॉलेजात गेलो तेव्हा मॅडमनी मला दोन दिवस ॲसिडच्या कपाटाजवळ जाऊ दिलं नाही. पण उफणायला मी शिकलो, हे सांगायला हवं. पाचव्या दिवशी कोंडिबा खालून बघत म्हणाला, "आता बराबर. हात जरा आवरता धरा, बास." आणि मला इतका आनंद झाला की नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता.

शेवटच्या घराची रास मोजून नारळ फुटला, कोंडिबानं पेटी चौकटीतून काढली आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. ठकुबाई म्हणाली, "आईला म्हनावं, लई बोलून घ्या."

मानसिंगनं दोन दिवसांत सगळं बसवलं. पहिली चाचणी घ्यायला मी पुढं बसलो आणि शेजारी, न बोलावता, अमृतकाका. मी कळ दाबली. दहा वर्षांच्या सुगीचं जेवढं भूस त्या पेटीच्या कानाकोपऱ्यात साठलेलं होतं तेवढं एका दमात अमृतकाकांच्या तोंडावर आलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, त्यांच्या आयुष्यातला हा विक्रम असावा. मग मिशांतून एक दाणा काढून त्यांनी तो तपासला आणि म्हणाले, "धूळ नको म्हणून एवढा खटाटोप केलास ना तू?"

मानसिंगनं पेटी पुन्हा उतरवली, फुंकली, धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा बसवली. आता धूळ आली नाही, हवा आली, आणि ती गार होती. अगदी डेअरीतल्या दुधाएवढी गार, असं मानसिंग म्हणाला. फक्त दोन गोष्टी काही केल्या गेल्या नाहीत. एक, पंख्याचा आवाज. दुसरी, त्या हवेला येणारा आंबेमोहोराचा वास. आईला आत बसवून दाखवलं तर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आमच्या खळ्यावर आल्यावानी वाटतंय." मी मान वळवून उगाच आरसा पुसत राहिलो.

निघालो तो मार्गशीर्षातला एक रविवार. बाहेर थंडी, आईच्या अंगात स्वेटर, कानाला मफलर, पायात मोजे, आणि गाडीत एसी. आळीतल्या लोकांनी आम्हाला निरोप दिला तो बहुधा वेड्यांना देतात तसा. नसरापूरला आईनं मावशीसाठी हिरव्या बांगड्या आणि मऊ खाता येतील म्हणून केळी घेतली. मार्गासनीनंतर रस्ता उखडलेला लागला. पुढच्या टेम्पोच्या मागं लाल मातीचा ढग उठत होता, आणि आत आई मांडी घालून, गार हवेत, अजिबात न खोकता बसली होती. वनिता मागं वळून दर पाच मिनिटांनी "आई, बरं आहे ना?" विचारत होती. आईचं लक्षच नव्हतं. ती काचेतून एकेक ओळखीचा ओढा, एकेक आंब्याचं झाड बघत होती आणि त्यांची नावं मनातल्या मनात पुटपुटत होती.

मावशी अंगणात बाजेवर होती. सहा वर्षांत ती अर्धी झाली होती. सुनांनी जय भीम केला, पाणी दिलं, चहा ठेवला. आई बाजेवर मावशीला लागून बसली. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले. आणि मग भोवती सगळं घर बसलं. सुना, नातसुना, पतवंडं, शेजारीण. सगळ्यांना बहिणी-बहिणींची भेट बघायची होती, त्यात वाईट कुणाचंच नव्हतं. सगळे माना पुढं करून वाट बघत होते.

"जेवलीस का?" मावशी म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली. "तू?"

"म्या बी."

आणि दोघी गप्प. मला वाटलं, झालं. एवढं सगळं करून तेच. इथं बंद करायला फोनसुद्धा नव्हता.

आई मग उठली. मला म्हणाली, "नागसेना, हिला धर." मावशीला एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं वनिता असं धरून आईनं तिला गाडीपाशी आणवलं, मागच्या सीटवर नीट बसवलं, दुसऱ्या दारानं स्वतः आत गेली. "लाव ती हवा," मला म्हणाली. मी इंजिन चालू केलं, पंखा लावला. "आता उतर. आन् दार लाव."

मी उतरलो. वनितानं सुनांना चहाच्या निमित्तानं आत पिटाळलं. पोरांना तिनं अंगणवाडीच्या आवाजात ओळीनं बसवलं. मी कुंपणाशी उभा राहिलो. काचा वर होत्या. आत दोघी बोलत होत्या, बोलत कसल्या, ओरडत होत्या, कारण दोघींना ऐकू येत नाही आणि पंखा तर मोठाच. पण बाहेर फक्त पंखा ऐकू येत होता. मावशीचे ओठ हलत होते, बोट वर झालं, खाली आलं. आईनं तोंडावर पदर धरला. मग मावशी रडली. मग आई काहीतरी म्हणाली आणि दोघी अशा हसल्या की मावशीचा माथा सीटच्या पाठीला टेकला. ती आईला गीते म्हणत होती, एवढं मला तिच्या ओठांवरून कळलं. बाकी काही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. माझी आई कुणाची तरी धाकटी बहीण असताना कशी दिसते ते मी पन्नासाव्या वर्षी, काचेतून, पहिल्यांदा पाहत होतो. मला त्या काचेच्या आत जायचं होतं. आणि मी गेलो असतो तर ती लगेच माझी आई झाली असती, हेही मला कळत होतं.

तास होत आला. ऊन चढलं. पेट्रोलचा काटा खाली टेकला होता आणि पंप वेल्ह्याला, बारा किलोमीटरवर. मी जाऊन काचेवर हळूच टकटक केलं. आईनं काच दोन बोटं खाली केली. माझ्या घामेजल्या तोंडावर गार, भाताच्या वासाची हवा आली.

"आई, पेट्रोल संपत आलंय. बंद करू का थोडा वेळ?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे ओले होते आणि मागून मावशी तिचा हात सोडत नव्हती.

"अजून ऱ्हायलंय रे," ती म्हणाली. "तू जरा लांब जाऊन हुबा ऱ्हा."

काच वर गेली. मी वनिताला कॅन आणायला सांगितला, शेजाऱ्याची मोटरसायकल मागून घेतली, आणि इंजिन तसंच चालू ठेवून वेल्ह्याला निघालो.